बहिऱ्या बाईची खुर्ची

आमच्या चर्चच्या कमिटीनं मला ऐकण्याच्या सेवेतून काढलं, कारण मला ऐकू येत नाही. हे कागदावर लिहिलेलं आहे, खाली तीन सह्या आहेत. तो कागद घडी घालून मी डाळीच्या डब्याखाली ठेवलाय. डबा डुगडुगत होता, आता डुगडुगत नाही. कमिटीच्या हातून एवढं एक काम झालं.

ऐकू येत नाही हे खरं आहे, मी ते कधी लपवलं नाही. खासबागेत यंत्रमागाच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. एका पत्र्याखाली चोवीस माग धडाधड चालायचे. कान कधी गेले ते मलाच कळलं नाही. एके दिवशी दिवे गेले, माग थांबले, सगळ्या बायका हुश्श करून बोलायला लागल्या आणि माझ्या कानात तेवढीच शांतता, जेवढी आदल्या क्षणी होती.

पण त्या धडधडाटात आम्ही गप्प बसत होतो असं कुणी समजू नये. दिवसभर बोलायचो. घशातून आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, जरा सावकाश. समोरचीनं हातानं काम करत तोंडाकडं बघायचं. सासूची गाऱ्हाणी, लग्नाच्या बोलण्या, कुणाला दिवस गेले, सगळं असंच व्हायचं. शेडचा मालक पाठीशी येऊन उभा राहिला तरी त्याला एक अक्षर कळत नसे. माझ्या समोरच्या मागावर मालुबाई असायची. वीस वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघितलंय. तिची धाकटी, दिपाली, शेडच्या कोपऱ्यात झोळीत वाढली. पोर बोलायला लागली ती बिनआवाजाची. झोळीतून बाहेर तोंड काढून नुसते ओठ हलवायची, 'आये, पानी'. मालुबाई धोटा थांबवून जायची.

माझा नवरा गेला तेव्हा घरात माणसं मावत नव्हती आणि प्रत्येकाजवळ एक सल्ला होता. देवाची इच्छा म्हण. रडू नको. रडून मोकळी हो. तेव्हाच्या पाळकांची बायको, इंदुताई, तेवढी माझ्यासमोर येऊन बसली आणि काही बोलली नाही. चार दिवस आली, चारही दिवस नुसती बसली. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती उजेडाकडं तोंड करून बसायची. मी बोलत गेले. जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते बोलले. पाचव्या दिवशी मला भूक लागली.

त्यानंतर इंदुताईनं चर्चच्या बाजूच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. स्वतःच्या घरच्या. दर गुरुवारी दुपारी एका खुर्चीत ती, दुसरीत मी. लोकांनी यावं, समोर बाकावर बसावं, बोलावं. कुठल्या जातीचा, कुठल्या देवाचा, काही विचारायचं नाही. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं. त्या दहा मिनिटांत आमची प्रार्थना एवढीच, की देवा, मला रिकामी कर, या माणसाला जागा होऊ दे. मग तो बोलेल ते घ्यायचं. सल्ला द्यायचा नाही, बायबलातलं वचन म्हणून दाखवायचं नाही, आणि उठल्यावर ते पुन्हा कुणाजवळ काढायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, पाळकाजवळ नाही. इंदुताई म्हणायची, "देव असाच ऐकतो गं. मधे तोंड घालत न्हाय."

इंदुताई देवाघरी गेली. जाताना एक खुर्ची लेकीला दिली, एक मला.

मग नवे पाळकसाहेब आले. माणूस चांगला आहे, फक्त कमिटीला फार भितो. त्यांच्या मागून शिबिर आलं. बेंगळूरहून एक बाई आल्या, गोड स्वभावाच्या, गळ्यात माळ, हातात फाइल. आम्हा आठजणांना ऐकायला शिकवणार होत्या. म्हणाल्या, जोड्या करा, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या, आता जोडीदार बोलेल, नुसतं ऐका.

मी डोळे उघडेच ठेवले. बाईंनी हळूच खांद्याला हात लावला. "आक्का, प्लीज. डोळे."

एवढं लांबून आलेल्या बाईंचं मन कशाला मोडा, म्हणून मिटले. डोळे मिटले की माझे कान बंद. डोळे उघडले तेव्हा माझ्या जोडीला बसलेल्या रक्षाचं सगळं सांगून झालं होतं आणि सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"रक्षा काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक? डोळं मिटायला तुम्हीच लावलं."

सगळे हसले. मीही हसले. कमिटीचा सेक्रेटरी कुमार तेवढा हसला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. कुमार माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय. मच्छे गावातल्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिथला मापाचा गेज तो रविवारीसुद्धा खिशात घालून येतो. माणसाला सर्टिफिकेट असल्याशिवाय त्याला माणूस दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी मालुबाई दिपालीला घेऊन आली.

दिपालीला दोन वर्षांपूर्वी मच्छेला दिलेलं. नवरा सूरज, घरचं बरं. तीन महिन्यांपूर्वी ती एकटीच माहेरी आली, हातात पिशवीसुद्धा नाही. आणि आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरांनी घसा तपासला, घसा चांगला. अंगारे झाले, धुपारे झाले. मामा ओरडून गेला, मावशी रडून गेली. आता रविवारी चार वाजता सासरची माणसं न्यायला येणार होती.

"एस्तर, ती माझ्याशी बोलंना," मालुबाई दारातच मला म्हणाली. ओरडून म्हणाली असणार, कारण तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. "तू बघ. का आली, काय झालं, काय न्हाय कळलं तर मी धाडू का नको ठरवीन. कारणाबिगर कशी ठेवून घेऊ? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात दिपालीनं पदर तोंडावरून जरा खाली केला आणि आईकडं बघून ओठ हलवले. जुन्या सवयीनं, शेडमधल्यासारखे. मला दिसलं. मालुबाईनं काय केलं? कानामागं हात नेला, ऐकायच्या मशीनचं चाक फिरवलं, मान वाकडी करून कान पुढं केला आणि म्हणाली, "मोठ्यानं बोल गं! ऐकू येईना!"

पोरीनं पदर पुन्हा वर घेतला.

मला तेव्हा कळलं की गाठ कुठं आहे. मालुबाईचेही कान शेडनं खाल्लेले. गेल्या वर्षी लेकानं हौसेनं मशीन आणून दिलं. तेव्हापासून ती लोकांच्या तोंडाकडं बघेनाशी झाली. कान पुढं करायला शिकली. ज्या डोळ्यांनी वीस वर्षं सगळं ऐकलं त्यांना तिनं रजाच दिली होती. आणि पोर तीन महिने तिच्याशी बोलत होती.

मी मालुबाईला बाहेर बाकावर बसवलं, दार लावून घेतलं. दहा मिनिटं गप्प बसलो. देवा, मला रिकामी कर. मग मी खुर्ची उजेडाकडं ओढली आणि माझेच ओठ हलवले, आवाज न काढता. 'बस. घाई न्हाय.'

दिपालीनं पदर काढला.

अर्धा तास ती बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही. एवढंच सांगते की ती थांबली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि माझ्या पदराचा बोळा झाला होता. मी शेवटी तिला एकच विचारलं, 'आयेला सांगू?' हे माझं विचारलेलं आहे म्हणून सांगायला हरकत नाही. तिनं मान हलवली, नाही.

शुक्रवारी सकाळी मालुबाई माझ्या दारात हजर. चहा केला, तिनं घेतला नाही.

"बोलली न्हवं? मला दिसलं दाराच्या फटीतनं. तोंड हलत हुतं तिचं. काय म्हणाली?"

"मी न्हाय सांगत."

"मी तिची आय हाय!"

"व्हय. म्हणूनच माझ्याकडनं ऐकू नको."

मग तिनं माझे दोन्ही हात धरले. वीस वर्षांत मालुबाईनं कधी कुणापुढं हात पसरलेले मी बघितले नव्हते. "शब्द नको सांगू. धाडू का नको, एवढंच. नुसती मान हलीव, एस्तर. तुझ्या देवाचं काय जातंय?"

नुसती मान. खरं सांगते, मान आपणहून हलायला निघाली होती, मी ती ताठ धरून ठेवली. वाटलं, नुसती नियमांची बाई झालीस तू एस्तर, लाज वाटू दे. पण मी मान हलवली असती तर ती पोर जन्मात पुन्हा कुणापुढं पदर काढणार नव्हती. आणि उद्या गल्लीनं तोंड उघडलं की मालुबाई म्हणाली असती, एस्तरनं सांगितलं म्हणून ठेवून घेतली. पोरीच्या पाठीशी आईनं उभं राहायला पाहिजे होतं, माझ्या मानेनं नाही. रविवारी गाडीत घालायची वेळ आलीच असती तर मी चाकापुढं आडवी पडले असते, ते मी ठरवूनच ठेवलं होतं. पण पोरीचं बोलणं तिचं होतं.

"मालू," मी म्हटलं, "त्ये मशीन काढून ठेव आन् तिच्याम्होरं बस. तोंडाकडं बघ. शेडात बघत हुतीस तसं."

"मशीन काढू? आता कुठं चार शब्द कानात पडाय लागलेत!" ती उठली. "तुझा देव हेच शिकिवतोय व्हय? आयेपास्नं लपवायला?" आणि गेली. दार आपटलं असावं, कारण भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

शनिवारी संध्याकाळी कमिटीनं बोलावलं. पाळकसाहेब, कुमार आणि खजिनदार. कुमार ओरडून बोलायला लागला. मी म्हटलं, "ओरडू नको रं, खिडकीकडं तोंड करून बोल." त्यानं ऐकलं नाही. तोंडापुढं कागद धरूनच बोलत राहिला, मग पाळकसाहेबांनीच त्याच्या हातातला कागद खाली केला.

त्याचं म्हणणं असं, की शिबिरात मी नापास झाले. ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकायला बसवणं म्हणजे लोकांची फसवणूक. शिवाय मागवाल्यांची पोर चर्चमध्ये कशाला येते, असं गल्लीत विचारायला लागलेत. उद्या कुणी बाटवण्याचा भलतासलता आळ घेतला तर आपल्याकडं काहीतरी लिहून पाहिजे. म्हणून त्यानं एक तोड काढली होती.

"आक्का, त्या पोरीनं काय सांगितलं ते चार वळीत सांगा. मी लिहून घेतो. तुम्हास्नी कळतंय ह्याचा पुरावा हुईल, खुर्ची तुमच्याकडं राहील. नसंल तर रक्षा बसंल. तिच्याकडं सर्टिफिकेट हाय."

"आन् सांगितलं तर मी ऐकायच्या लायकीची ठरणार?"

"व्हय."

"उलटं हाय रं कुमार. सांगितलं की मी लायकीची न्हाय."

"ह्या बोलायच्या गोष्टी झाल्या."

"इतकी माणसं रोज देवापुढं रडतात. त्यानं कधी कुणाचं कुणाला सांगितलंय? तुझं सांगितलंय का मला?"

कुमारचे कान लाल झाले. "तुम्ही देव न्हाय, आक्का."

"न्हाय. म्हणून मला तर जास्तच जपाय पाहिजे."

पाळकसाहेब टेबलाकडं बघत बसले. ते एकदाच म्हणाले, "आक्का, थोडं तरी... अंदाजानं?" मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या बायकोनं मागच्या महिन्यात माझ्यासमोर बसून जे सांगितलं, त्याच्या चार ओळी आधी देऊ का?" पाळकसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. मग कुमारनं मला काढल्याचा कागद पुढं केला. तिघांनी सह्या केल्या.

मी बाजूच्या खोलीत गेले, इंदुताईची खुर्ची उचलली आणि डोक्यावर घेतली. कुमार मागून काहीतरी म्हणत होता. मी वळले नाही, म्हणजे मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचे फायदेही असतात. भर खडेबाजारातून मी ती खुर्ची डोक्यावर घेऊन चालत आले. एका भांडीवाल्यानं कानडीत भाव विचारला, "एष्टु, आक्का?" त्याला वाटलं विकायला काढलीय. मी म्हटलं, "विकायची न्हाय, बसायची हाय."

रविवारी उपासनेहून आले, जेवले, आणि खुर्ची घराच्या कट्ट्यावर मांडली. समोर एक पाट. कोण येणार होतं? कुणी नाही. पण मांडली. चर्चची खोली त्यांची आहे, ऐकणं काही त्यांच्या मालकीचं नाही.

तीन वाजता कुमार आला. खुर्ची न्यायला. म्हणाला, ही चर्चच्या मालमत्तेच्या यादीत आहे, सतरा नंबर. मी म्हटलं, तिच्यावर मी बसलेय, उठेपर्यंत थांब. तो बिचारा कट्ट्याच्या कडेला उभा राहिला, घड्याळ बघत.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मालुबाई दिसली. दिपालीचा हात धरून येत होती. मला वाटलं, भांडायलाच आली. पण कट्ट्यापाशी येऊन ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिच्या गळ्याच्या शिरा दिसत नव्हत्या.

"राती झोप न्हाय," ती म्हणाली. "एस्तर, मला बसीव."

मी उठले. इंदुताईच्या खुर्चीत मालुबाई बसली, समोर पाटावर लेक. मी तिला सांगितलं, आधी दहा मिनिटं गप्प. मग मधे विचारायचं नाही. सांगून संपेस्तोवर रडायचं नाही. मालुबाईनं मान डोलावली. मग कानामागं हात नेला, मशीन काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अजून गरम होतं.

दहा मिनिटं मालुबाईला जड गेली. दुसऱ्याच मिनिटाला तिचं तोंड उघडलं, मी डोळे वटारले, मिटलं. पाय हलवले, पदर सारखा केला. मग हळूहळू ती थांबली. नजर पोरीच्या तोंडावर आली आणि तिथंच राहिली. बारीक लक्ष देऊन, थोडी पापणी खाली. मागावर धागा तुटला की अशीच बघायची.

दिपालीनं पदर काढला.

मी पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मला ते एकदा मिळालं होतं, दुसऱ्यांदा घ्यायचा मला हक्क नव्हता. भिंतीवर रंगाचे पोपडे आलेत, ते मोजत राहिले आणि मनात म्हणत राहिले, देवा, आता हिला रिकामी कर. मी जन्मात एवढी कधी प्रार्थना केली नसेल. मला ऐकू येत नव्हतं काही, दिसत नव्हतं काही, आणि कळत मात्र होतं की माझ्या पाठीशी ऐकणं चाललंय.

कुमार तिथंच उभा होता, दोन्ही कान शाबूत. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला बघितलं. पुढं वाकला, कान दिला, मग गोंधळून माझ्याकडं बघितलं. ओठ हलतायत आणि आवाज नाही, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं कुमारनं मान वळवली आणि तो एक पाऊल मागं सरला. तेव्हा मी वळले. मालुबाई उठली होती. रडत नव्हती. तिनं लेकीचं डोकं दोन्ही हातांनी धरून पोटाशी लावलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी येऊन थांबली. सूरज उतरला, त्याची आई उतरली, मागून एक मामा. चार वाजायला पाच कमी होते. माणसं वेळेची पक्की.

मालुबाई कट्ट्यावरून उतरली आणि सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली. मशीन माझ्याच हातात होतं. त्यामुळे स्वतःचा आवाज केवढा चढलाय ते तिला कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी तिनं कमी केला नसता. मला तिची पाठ दिसत होती. पण गल्लीतली दारं एकेक करून उघडली, वरच्या माडीवरची बाई बाहेर आली, सूरजच्या आईचं तोंड उघडंच राहिलं. कुमारनं नंतर सांगितलं, मालुबाई म्हणाली, "माझी पोरगी येणार न्हाय. कारण मला ठाव हाय, आन् तुला बी ठाव हाय, सूरज. मोठ्यानं सांगू का?"

गाडी आली तशी वळली.

गल्ली हळूहळू आत गेली. मालुबाई येऊन पाटावर दिपालीशेजारी टेकली. खुर्चीपाशी मी आणि कुमार. कुमारनं खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. जवळ आला आणि पहिल्यांदाच उजेडाकडं तोंड करून, सावकाश, नीट ओठ हलवून बोलला. पोरगं शिकत होतं, मान्य करायला पाहिजे.

"आक्का, काय सांगितलं हो तिनं?"

मी इंदुताईच्या खुर्चीत बसले, मशीन मांडीवर ठेवलं, आणि त्याच्याकडं बघून म्हटलं, "मला काय इचारतोस रं बाबा? मी बहिरी. तूच लिहून दिलंयस न्हवं?"